तासाभराचं विमान चार तास लेट: छोट्या मार्गावरच्या नव्या प्रवाशाने काय करावं

कोल्हापूर–मुंबई, मुंबई–अमरावती, पुणे–सिंधुदुर्ग. हवेत जेमतेम तास-दीड तास, आणि उशीर झाला तर विमानतळावर अर्धा दिवस. या मार्गांवर पहिल्यांदा तिकीट काढणारे साधारण दोन प्रकारचे असतात. एकाला एसटीची सवय असते: लेट म्हणजे लेट, कुणाला विचारणार? दुसऱ्याला जर्मनीतल्या भाच्याने सांगितलेलं असतं की तीन तास उशीर झाला की अडीचशे युरो मिळतात. पहिला हक्काचा चहासुद्धा मागत नाही आणि दुसरा काउंटरवर नसलेल्या पैशांसाठी भांडत बसतो. भाच्याचा नियम खरा आहे, पण तो युरोपचा. आपल्याकडे नुसत्या उशिरासाठी रोख भरपाई नाही. खाणंपिणं, पर्यायी विमान, पूर्ण परतावा आणि काही अटींवर रद्द विमानाची भरपाई एवढं आहे. ते वेळेवर आणि योग्य शब्दांत मागितलं तर मिळतं.

हे सगळं डीजीसीए या विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या ‘सिव्हिल एव्हिएशन रिक्वायरमेंट्स’मध्ये लिहिलेलं आहे: सेक्शन ३, सीरीज एम, पार्ट ४. डीजीसीएच्या साइटवरून त्याची पीडीएफ उतरवून मोबाइलमध्ये ठेवा. छोट्या विमानतळावर नेट दगा देतं, आणि काउंटरवर परिच्छेद उघडून दाखवणाऱ्या माणसाशी बोलण्याचा सूर लगेच बदलतो. उडान योजनेतलं सवलतीचं तिकीट असलं तरी हेच नियम लागू होतात. तिकीट स्वस्त म्हणून हक्क कमी होत नाहीत.

१. तिकीट काढताना

सगळ्यात आधी मोबाइल नंबर. गावातल्या एजंटकडून तिकीट काढलं की बुकिंगमध्ये बऱ्याचदा एजंटचाच नंबर आणि ईमेल पडतो. मग विमान रद्द झाल्याचा एसएमएस त्याला जातो आणि तो दुकान बंद करून घरी गेलेला असतो. नुकसान इथेच संपत नाही. प्रवाशाने संपर्काची पुरेशी माहिती दिली नसेल तर भरपाई द्यावी लागत नाही, असं नियमातच आहे. एजंटसमोर बसून स्वतःचा नंबर टाकून घ्या आणि नंतर कंपनीच्या साइटवर पीएनआर टाकून खात्री करा.

दुसरं, पुढचं विमान पकडायचं असेल तर दोन्ही प्रवास शक्यतो एकाच तिकिटावर घ्या. कोल्हापूरहून हैदराबादमार्गे दिल्ली एकाच तिकिटावर असेल आणि पहिल्या विमानाच्या उशिराने दुसरं चुकलं, तर पुढे पोहोचवणं ही कंपनीची डोकेदुखी. वेगवेगळी दोन तिकिटं असतील तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही ‘नो-शो’, म्हणजे न आलेले प्रवासी. परदेशी जाणाऱ्यांनी तर छोट्या विमानाच्या भरवशावर त्याच दिवशीचं आंतरराष्ट्रीय विमान ठेवूच नये. आदल्या दिवशी मुंबई गाठा, नातेवाईक कशाला आहेत?

तिसरं, कुठली मुंबई? २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळ सुरू झाला आहे. तिकिटावर ‘बीओएम’ असेल तर सांताक्रूझ–अंधेरीकडचा जुना विमानतळ, ‘एनएमआय’ असेल तर उलव्याचा नवा. चुकीच्या विमानतळावर पोहोचलात तर त्याची भरपाई कुठल्याच नियमात नाही.

आणि भाड्याचा तपशील उघडून त्याचा स्क्रीनशॉट काढा. त्यात बेस फेअर, फ्युएल चार्ज, विमानतळाची यूडीएफ (विमानतळ वापरण्याचं शुल्क), सिक्युरिटी फी, जीएसटी अशा ओळी वेगवेगळ्या असतात. पुढे भरपाईचं गणित यातल्या पहिल्या दोन ओळींवरच होतं.

२. उशीर का होतो ते समजून घ्या

ही पायरी बरेच जण वगळतात, पण थांबायचं की निघायचं हा निर्णय हिच्यावरच ठरतो.

छोट्या मार्गावर साधारण सत्तर सीटांचं एटीआर किंवा त्याच आकाराचं एम्ब्रेअर जेट असतं. एकच रिक्षा चार घरची मुलं पाळीपाळीने शाळेत सोडते, तसं तेच एक विमान दिवसभर चार-सहा फेऱ्या मारतं. सकाळी पहिल्या फेरीला चाळीस मिनिटं गेली की ती दिवसभर भरून निघत नाहीत, उलट वाढत जातात, कारण दोन फेऱ्यांमध्ये जेमतेम अर्धा तास असतो. जास्तीचं विमान जवळ उभं नसतं. मोठ्या कंपनीकडे असलं तरी ते दिल्ली किंवा हैदराबादला असतं.

त्यात वैमानिकांच्या ड्यूटीचे तास ठरलेले. ते संपले की विमान ठणठणीत असूनही उडत नाही, आणि छोट्या गावात बदली क्रू नसतो. डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला इंडिगोची उड्डाणं देशभर हजारोंनी रद्द झाली, त्यामागे ड्यूटीचे नवे नियम आणि त्यासाठी कमी पडलेलं नियोजन होतं. क्रू नसणं हे पावसासारखं आभाळातून पडत नाही. तो कंपनीच्या नियोजनाचा भाग आहे, हे लक्षात ठेवा. पुढे तक्रारीत कामाला येतं.

हवामानाचं तसं नाही. उपकरणांच्या मदतीने उतरण्याची सोय नसेल तर वैमानिकाला धावपट्टी डोळ्यांनी दिसावी लागते, आणि त्यासाठी सर्वसाधारणपणे पाच किलोमीटरची दृश्यमानता लागते. मुंबईत ज्या हवेत विमानं बिनधास्त उतरतात त्याच हवेत छोट्या विमानतळावर घिरट्या घालून परत जावं लागतं. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये शिर्डीची सेवा दृश्यमानतेअभावी काही आठवडे बंदच होती. कोकणात जून ते सप्टेंबर आणि मराठवाडा-विदर्भात डिसेंबर-जानेवारीची सकाळ, या दोन वेळा संशयाच्याच धरा. गणपतीला चिपीला, म्हणजे सिंधुदुर्गच्या विमानतळावर, जाणाऱ्या चाकरमान्यांनी प्राणप्रतिष्ठेच्या दिवशीचं विमान घेऊ नये, आदल्या दिवशीचं घ्यावं.

आणखी एक गोष्ट नव्या माणसाला कुणी सांगत नाही. छोट्या विमानतळाची रोजची कामाची वेळ ठरलेली असते, तिला ‘वॉच अवर्स’ म्हणतात. जिथे रात्री उतरण्याची सोय नाही तिथे सूर्यास्त हीच सीमा. दुपारी साडेतीनचं विमान लेट होत होत साडेपाचला ढकललं गेलं आणि विमान अजून दुसऱ्याच शहरात उभं असेल, तर ते ‘लेट’ नाही, ‘रद्द’ आहे. फक्त कुणी तसं म्हणत नाही. म्हणून विमान कधी येणार हे विचारण्याआधी, आज विमानतळ किती वाजेपर्यंत चालू आहे हे विचारा.

३. त्या दिवशी, घरातून निघताना

फ्लाइटरडार२४ सारख्या ॲपवर तुमचं विमान आत्ता कुठे आहे ते बघा. फ्लाइट नंबर टाकला की बहुतेक वेळा विमानाचा ‘व्हीटी’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक दिसतो. त्यावर बोट ठेवलं की दिवसभरातल्या त्याच्या फेऱ्या कळतात. कंपनीच्या साइटवर ‘ऑन टाइम’ आणि विमान मात्र अजून बेंगळुरूच्या जमिनीवर, असं दिसलं तर समजून जा.

तरीही विमानतळावर मूळ वेळेप्रमाणेच पोहोचा. खाणंपिणं मिळण्याची पहिली अटच ‘वेळेत चेक-इन केलेला प्रवासी’ अशी आहे. सुधारित वेळेचा एसएमएस आला असेल तरच उशिरा निघा, आणि त्याआधी कंपनीला फोन करून चेक-इन काउंटर किती वाजता बंद होणार ते विचारून घ्या.

४. घड्याळ लावा

उशीर जाहीर झाला की मूळ वेळ कागदावर लिहून ठेवा. उशीर एकदम चार तास असा कधीच सांगितला जात नाही. पाऊण तास, मग आणखी पाऊण, मग ‘शॉर्टली’. प्रत्येक एसएमएसचा आणि जमलं तर बोर्डाचा फोटो काढा.

दोन तास: अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला, म्हणजे आपल्या सगळ्याच छोट्या मार्गांना, दोन तास किंवा जास्त उशीर अपेक्षित असेल तर थांबण्याच्या वेळेला साजेसं खाणं आणि पेय कंपनीने द्यायचं असतं. दोन तास उलटून जाण्याची वाट बघायची नसते, अपेक्षा पुरेशी आहे. छोट्या विमानतळावर एकच कॅन्टीन असतं आणि पहिल्या वीस जणांनंतर तिथला उपमा संपतो, म्हणून लवकर मागा. नाही म्हणाले तर स्वतः खा आणि बिल जपून ठेवा.

सहा तास: उशीर यापेक्षा जास्त होणार असेल तर सुधारित वेळ चोवीस तास आधी कळवावी आणि प्रवाशाला निवड द्यावी, असा नियम आहे: सहा तासांच्या आत दुसरं विमान, नाहीतर तिकिटाचे पूर्ण पैसे. निवड प्रवाशाची.

चोवीस तासांपलीकडचा उशीर, किंवा रात्री आठ ते पहाटे तीनमध्ये सुटणाऱ्या विमानाला सहा तासांपेक्षा जास्त उशीर असेल तर हॉटेल. आपल्या मार्गांवरची विमानं बहुधा दिवसाउजेडी सुटतात, त्यामुळे हॉटेलचा प्रसंग क्वचितच येतो. मागून बघायला हरकत नाही, पण त्यावर भांडण्यात शक्ती जाळू नका.

दोन आणि सहा तासांच्या मधला पट्टा हा नियमातला खरा खड्डा आहे. चार तास उशीर म्हणजे नियमानुसार फक्त खाणं. पाचशे किलोमीटरच्या आतल्या प्रवासात चार तास म्हणजे विमानाचा सगळा फायदा गेला, तरी परताव्याचा हक्क नाही. हा नियम लांबच्या मार्गांकडे बघून केलाय असं मला नेहमी वाटतं. यावर उतारा असा की काही कंपन्या स्वतःच्या अटींमध्ये दोनेक तासांच्या बदलानंतरही फुकट तारीखबदल किंवा पूर्ण परतावा देतात. तो पर्याय ॲपवर किंवा एसएमएसमधल्या लिंकवर असतो, काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही. म्हणून उशिराचा एसएमएस आला की त्यातली लिंक उघडून बघाच.

५. कारण विचारा, आणि नेमकं विचारा

‘ऑपरेशनल रीझन’ हे कारण नव्हे. काउंटरवर शांतपणे, पण सोडून न देता विचारा:

“मॅडम, ऑपरेशनल म्हणजे नेमकं काय? विमान आलेलं नाही, क्रू नाही, बिघाड आहे, की हवामान?”

“सर, मला तेवढीच माहिती आहे.”

“हरकत नाही. तेवढंच कंपनीच्या कागदावर किंवा ईमेलवर लिहून द्या, वेळ टाकून.”

समोरची मुलगी बऱ्याचदा ग्राउंड हँडलिंग एजन्सीची कर्मचारी असते, तिच्या हातात काही नसतं. तिच्यावर आवाज चढवून उपयोग नाही. ड्यूटी मॅनेजरला बोलवायला सांगा आणि त्यांना विचारा.

कारणाला एवढं महत्त्व का? नैसर्गिक आपत्ती, दंगल, संप, सरकारी आदेश, हवामान, एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण), सुरक्षेचा धोका अशा कंपनीच्या ताब्याबाहेरच्या कारणांनी उशीर झाला किंवा विमान रद्द झालं तर कंपनीला या जबाबदाऱ्यांतून सूट मिळते. त्यामुळे शंका असली की उत्तर ‘हवामान’ येतं. मग बाकीची विमानं उतरतायत का ते बघा. त्याच तासात दुसऱ्या कंपनीचं तेवढंच विमान त्याच धावपट्टीवर उतरलं असेल तर फोटो काढा. तांत्रिक बिघाड या यादीत नावाने नाही. तो ताब्याबाहेरचा होता असं कंपनी म्हणेल, तर तिने ते दाखवावं.

आणि हवामान खरंच खराब असलं तरी प्रवाशाला वाऱ्यावर सोडता येत नाही. दिल्ली–हैदराबाद विमानाला धुक्यामुळे झालेल्या उशिराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये असं धरलं की धुक्यासाठी नुकसानभरपाई मागता येणार नाही, पण अडकलेल्या प्रवाशांना माहिती, खाणं-पाणी यांसारख्या किमान सोयी देण्याची जबाबदारी कंपनीवर राहतेच. चहा-नाश्ता नाकारला जात असेल तर एवढं एक वाक्य पुरतं.

६. थांबायचं की निघायचं

तासाभराच्या मार्गावर तुमच्या हातात एक हुकमाचा पत्ता असतो जो दिल्ली–चेन्नईच्या प्रवाशाकडे नसतो: जमिनीवरचा रस्ता. म्हणून चिडण्याआधी घड्याळाकडे बघा. मुंबईहून कोल्हापूरला रात्री महालक्ष्मी, अमरावतीला अमरावती एक्स्प्रेस, सावंतवाडीकडे तुतारी आणि कोकणकन्या, नांदेडकडे नंदिग्राम आणि देवगिरी. तत्काळ आदल्या दिवशीच उघडून संपलेलं असतं, त्यामुळे त्या दिवशी करंट बुकिंग किंवा खासगी स्लीपर हाच भरवसा. दुपारी चारपर्यंत चित्र स्पष्ट नसेल आणि संध्याकाळची सीमा जवळ येत असेल, तर एका हाताने बसची सीट बघायला लागा.

मात्र एक काळजी घ्या. कंपनीने परतावा मान्य केल्याचा लेखी पुरावा, एसएमएस किंवा ईमेल, हाती येईपर्यंत विमानतळ सोडू नका. रागाने निघून गेलात आणि तासाभराने विमान उडालं, तर कागदावर तुम्हीच न आलेले प्रवासी. सुरक्षा तपासणी झाली असेल तर कर्मचाऱ्यांना सांगूनच रीतसर बाहेर पडा, आणि चेक-इन केलेलं सामान ताब्यात घ्यायला विसरू नका.

७. विमान रद्दच झालं तर किती पैसे

दोन आठवडे किंवा त्याहून आधी कळवलं असेल तर दुसरं विमान किंवा परतावा. दोन आठवडे ते चोवीस तास या काळात कळवलं तर मूळ वेळेच्या दोन तासांच्या आत सुटणारं दुसरं विमान, नाहीतर परतावा. या दोन्हींत वेगळी भरपाई नाही.

चोवीस तासांच्या आत कळवलं, किंवा कळवलंच नाही, तर तुम्हाला मान्य असेल असं दुसरं विमान, नाहीतर पूर्ण परतावा आणि त्याशिवाय भरपाई. वेळापत्रकातला सुटण्यापासून पोहोचण्यापर्यंतचा वेळ तासाभराचा किंवा कमी असेल तर ₹५,००० पर्यंत, एक ते दोन तास असेल तर ₹७,५०० पर्यंत, त्याहून जास्त असेल तर ₹१०,०००. इथे ‘पर्यंत’ला महत्त्व आहे: हा आकडा किंवा बेस फेअर अधिक फ्युएल चार्ज, यांतलं जे कमी ते.

समजा तिकीट ₹३,६०० ला पडलं. त्यात बेस फेअर ₹२,४०० आणि फ्युएल चार्ज ₹३००, बाकी कर आणि शुल्कं. तर परतावा ₹३,६०० आणि भरपाई ₹२,७००. पाच हजार नाहीत. स्वस्त तिकिटाला भरपाईही स्वस्तच, म्हणून छोट्या मार्गावर भरपाईच्या मागे लागण्यापेक्षा परतावा लवकर पदरात पाडून घेणं जास्त शहाणपणाचं. दुसरं विमान स्वीकारलंत तर ही भरपाई मिळत नाही. त्या विमानाची वाट बघताना खाणं मात्र मिळतं.

परतावा ‘क्रेडिट शेल’मध्ये टाकतो, पुढच्या प्रवासाला वापरा, असं सांगतील. तो पर्याय निवडणं प्रवाशाच्या मर्जीवर आहे, कंपनी परस्पर तसं करू शकत नाही. जी कंपनी तुमच्या गावाहून आठवड्यातून तीनदाच उडते आणि पुढच्या सीझनला उडेल की नाही माहीत नाही, तिच्याकडे पैसे ठेवून काय करणार? कार्डाने पैसे भरले असतील तर सात दिवसांत परत यायला हवेत. एजंट किंवा पोर्टलवरून काढलं असेल तर जास्त वेळ लागतो, पण जबाबदारी विमान कंपनीचीच, कारण एजंट तिचा प्रतिनिधी असतो. ‘एअरलाइनकडून आले नाहीत’ आणि ‘पोर्टलला विचारा’ या दोन वाक्यांच्या मध्ये अडकू नका. थेट कंपनीला लिहा.

कन्फर्म तिकीट असूनही जादा बुकिंगमुळे चढू दिलं नाही तर गणित वेगळं. तासाभराच्या आत सुटणारं दुसरं विमान दिलं तर काही नाही. चोवीस तासांच्या आतलं दिलं तर बेस फेअर अधिक फ्युएल चार्जच्या दुप्पट, कमाल ₹१०,०००. त्याहून उशिराचं दिलं, किंवा तुम्ही दुसरं विमान नाकारून परतावा घेतला, तर चौपट, कमाल ₹२०,०००.

८. तक्रार

आधी कंपनीला ईमेल. राग नको, तारखा आणि वेळा हव्यात. असा मजकूर चालतो:

“पीएनआर अमुक, दिनांक अमुक, कोल्हापूर–मुंबई, मूळ वेळ १५:३०. १४:१० ला पहिला, १५:४० ला दुसरा उशिराचा एसएमएस आला. १७:५० ला विमान रद्द केल्याचं तोंडी सांगितलं; कारण ‘ऑपरेशनल’. खाणं दिलं नाही, बिल सोबत जोडलं आहे. पूर्ण परतावा आणि सेक्शन ३, सीरीज एम, पार्ट ४ नुसार भरपाई खात्यावर जमा करावी. रद्द होण्याचं नेमकं कारण लेखी कळवावं. व्हाउचर मान्य नाही.”

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. व्हाउचर तुमच्या लेखी संमतीनेच देता येतं.

कस्टमर केअरचं ठरावीक उत्तर आलं की साइटवर नोडल अधिकाऱ्याचा आणि त्यावर अपील अधिकाऱ्याचा पत्ता असतो, तिकडे पाठवा. सोबत केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर किंवा ॲपवर तक्रार नोंदवा. माझ्या मते कंपनीला लिहून दोन-तीन दिवसांत हालचाल झाली नाही तर एअरसेवाला उशीर करू नये, तिथला तक्रार क्रमांक आला की कंपनीकडून बऱ्याचदा फोन येतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ हाही मार्ग आहे.

तिथेही जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात दाद मागता येते. कंपनीचं ऑफिस गुरुग्रामला असलं तरी कोल्हापूरकराने कोल्हापुरात, नांदेडकराने नांदेडमध्ये अर्ज करावा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येतं. मुदत घटनेपासून दोन वर्षांची. बोर्डिंग पास, एसएमएसचे स्क्रीनशॉट, कॅन्टीनचं बिल, ऐनवेळी काढलेल्या बसचं तिकीट हे सगळं तोवर एका फोल्डरमध्ये ठेवा. छापील पावत्यांचे फोटो त्याच दिवशी काढा, कारण थर्मल कागदावरची अक्षरं काही महिन्यांत पुसट होऊ शकतात.